माएस्त्रो सेनोनच्या गाडीचा धूर

सेनोन किसबेर्त आमच्या वस्तीतून खाली शहरात मिनीबस नेतात, त्याला आता चौदा वर्षं झाली. ला पासमध्ये ड्रायव्हरला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे "माएस्त्रो" म्हणतात. त्यांनाही तसंच म्हणतात. फक्त थांब्यावर एकाच वेळी दहा माएस्त्रो उभे असतात, म्हणून त्यांना "माएस्त्रो सेनोन".

गाडी पांढरी, जपानमध्ये जुनी होऊन इकडे आलेली. दारावर अजून जपानी अक्षरं आहेत. ती कुणालाच वाचता येत नाहीत. कुणी म्हणतं ही धोब्याची गाडी होती, कुणी म्हणतं शवपेट्यांच्या दुकानाची. माएस्त्रोंना विचारलं तर ते मान न वळवता सांगतात, "लिहिलंय, मागे सरका, जागा आहे." स्टिअरिंग मुळात उजवीकडे होतं. एल आल्तोतल्या एका लोहाराने ते कापून डावीकडे बसवलं, आणि उजवीकडे उरलेल्या भगदाडावर माएस्त्रोंनी मेरीमातेचं चित्र चिकटवलं.

ओरुरोच्या पुढे टिनच्या खाणीवर त्यांचा जन्म. खाणी बंद पडल्या तेव्हा ते बाविशीत होते. एका ट्रकच्या टपावर बसून ला पासला आले, आधी पोती उतरवली, मग दुसऱ्याच्या गाडीच्या दारात लटकून थांब्यांची नावं ओरडली, मग दुसऱ्याची टॅक्सी चालवली. ही गाडी त्यांची पहिली स्वतःची. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा नाही, मुलगी नाही. गाडीला ते "मुलगी" म्हणतात आणि तिच्याशी बोलतात, चढावर जास्त.

मी हे सगळं गेल्या काही महिन्यांत शिकले. त्याआधी पाच वर्षं मी त्यांच्या गाडीत बसत होते आणि त्यांची फक्त मान पाहिली होती.

फेब्रुवारीत शाळा उघडली आणि पहिल्या पंधरवड्यातच माझ्या मुलीला, बेलेनला, दोनदा दम लागला. ती आठ वर्षांची आहे. दुसऱ्या वेळी पंपाचे चार फवारे देऊनही तिच्या ओठांचा निळेपणा जात नव्हता. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत थांबू. तोवर झटके कमी झाले नाहीत तर तिला खाली पाठवा. आजी सांता क्रूसला असते म्हणालात ना? तिकडे सखल आहे, हवा दाट आहे."

बेलेनचे बाबा चिलीत बंदरावर कामाला आहेत. त्यांची आई सांता क्रूसला एकटी राहते. माझी नोकरी इथे, इथल्याच शाळेत. पाठवायचं म्हणजे मुलगी तिकडे आणि मी इकडे, मधे रात्रभराचा बसचा रस्ता. तिथे तिला झटका आला तर पंप कुठल्या खणात आहे हे तिच्या आजीला चष्म्याशिवाय दिसायचंही नाही.

मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. मला भीती वाटली की मी मोजायला लागते. त्या दिवशी वही सुरू केली. तारीख, वेळ, खोकला, पंप किती वेळा, सकाळी कुठे होतो. पवित्र आठवड्याला नऊ आठवडे होते.

आमच्या वरच्या थांब्यावर एक पक्का रिवाज आहे. ज्या गाडीचं इंजिन चालू ती आधी सुटणार, असं उतारू धरून चालतात आणि तिच्यातच चढतात. म्हणून पहिला ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. त्याचे उतारू पळवता यावेत म्हणून दुसराही करत नाही. असं करत करत दहावा, ज्याला निघायला अजून पाऊण तास आहे, तोसुद्धा गाडी घुरघुरत ठेवून टपरीवर मक्याची गरम आपी पीत उभा असतो. पावणेसातला आम्ही तिथे पोचायचो तेव्हा सगळी ओळ निळसर धुरात उभी असायची. बेलेनला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे, माएस्त्रोंच्या शेजारी. त्या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. थंडीत ती जागा सगळ्यांना हवी असते, बूड शेकतं.

डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अशाच बसलो होतो. गाडी अर्धी भरली होती. बेलेनच्या छातीतून बारीक शिट्टी यायला लागली आणि मी पिशवीत पंप शोधू लागले. माएस्त्रो सेनोननी मान वळवली. त्या मानेला चेहरा आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"किती दिवसांपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"लहानपणापासून. पण यंदा जास्त."

"माझ्या वडिलांचा आवाज असाच होता. खाणीची छाती. शेवटची दोन वर्षं रात्रभर अशीच शिट्टी." ते बेलेनकडे बघत राहिले. "पण ते पन्नास वर्षांचे होते."

मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मागून लगेच एका बाईंचा आवाज आला. "काय हो माएस्त्रो? निघायचं नाही का?"

"निघायचं आहे, सेन्योरा. दहा मिनिटं."

"मग बंद का केलं? पेट्रोल संपलं?"

"मुलीला धूर सोसत नाही."

"अगंबाई, बिचारी," त्या म्हणाल्या, आणि आपली गाठोडी उचलून मागच्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं गेले. मागची गाडी रेम्बेर्तोची होती. रेम्बेर्तो तिशीतला, केसांना तेल, काचेवर स्वतःचंच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.

"माएस्त्रो सेनोन!" तो खिडकीतून ओरडला. "मुलगी झोपली का तुमची? अंगाई म्हणू?"

"तू म्हणू नकोस, ती उठून पळून जाईल," माएस्त्रो म्हणाले. पण त्या दिवशी आम्ही सात जण घेऊन खाली गेलो. रेम्बेर्तोची गाडी भरून वाहत होती.

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी खोक्याचा एक पुठ्ठा कापला. बेलेनने त्यावर लाल खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आता हीच सुटणार." माएस्त्रोंनी तो आरशाला टांगला आणि इंजिन बंद ठेवलं. पहिल्या दिवशी कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हातारबुवांनी वाचला आणि विचारलं, "कशावरून?" तिसऱ्या दिवशी माएस्त्रो स्वतः दारात उभे राहून ओरडायला लागले. पंधरा दिवसांत लोकांना सवय झाली. इंजिनाऐवजी ते पुठ्ठा बघायला लागले, आणि रेम्बेर्तोचे उतारू कमी झाले तसा तो येऊन शाळेतल्या मुलांसारखी हाक मारत म्हणाला, "प्रोफे, मला पण एक द्या. पण माझा मोठा." मी म्हटलं, पुठ्ठा एकच असायला हवा, जो पहिला त्याने टांगायचा आणि निघताना मागच्याला द्यायचा. यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी तसंच ठरलं.

माएस्त्रो सेनोन आता मला रोज काहीतरी विचारायचे. अजून काय करता येईल? पैसे लागणार नाहीत असं सांगा. मी काही गाड्यांची तज्ज्ञ नाही, पण वाचत होते, आमच्या शाळेजवळच्या गॅरेजवाल्याला छळत होते. म्हटलं, टायरमध्ये हवा कमी असली की इंजिनाला जास्त ओढावं लागतं. त्यांनी टायर दाखवले, चारही बसलेले. "मऊ असले की खड्डे लागत नाहीत," ते म्हणाले. म्हटलं, गाडीत उगाच वजन नको. तर सीटखालून एक आख्खा गिअरबॉक्स निघाला.

"हा कशासाठी?"

"लागला तर."

"कधीपासून आहे?"

"सहा वर्षं." जरा विचार करून ते म्हणाले, "हा दुसऱ्याच गाडीचा आहे."

त्याच्यासोबत चाकाला लावायचे चार दगड, एक पोतं वाळू, आणि कुणीतरी विसरलेली शिवणयंत्राची बैठक निघाली. बेलेन हसून हसून लोळली, आणि मी तिच्या हसण्यातसुद्धा शिट्टी आहे का ते ऐकत होते.

मग एका सकाळी काय झालं ते सांगते. गाडी भरून थांब्यावरून निघाली. पहिल्या वळणानंतरचा तो मोठा उतार लागला आणि एकदम शांतता झाली. वाऱ्याचा आवाज, मागे कोंबडीची कुरकुर, बाकी काही नाही. माएस्त्रो माझ्याकडे बघून मोठ्या आनंदाने म्हणाले, "ऐका! धूर शून्य. इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये. उतार फुकट आहे, प्रोफे!"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग ब्रेक आठवले. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही, दोन-तीनदा दाबला की दगडासारखा कडक होतो. खाली बाजाराचं वळण. गाडीत सतरा माणसं. माझी मुलगी काचेच्या सगळ्यात जवळ.

"माएस्त्रो, चालू करा."

"अहो पण धूर..."

"चालू करा! गिअरमध्ये घाला! आत्ता!"

मी ओरडले असणार, कारण मागची कोंबडीसुद्धा गप्प झाली. त्यांनी दुसरा गिअर टाकला, गाडीने एक हिसका दिला आणि इंजिन धडधडून जागं झालं. वळणावर आम्ही नेहमीसारखे वळलो. सगळे उतारू खाली उतरले. मी त्यांना फुटपाथवर उभं करून सांगितलं की उभं असताना बंद, उतारावर कधीही नाही, उतारावर गिअरमध्ये ठेवून हळू, तेवढ्याने पेट्रोल कमीच जळतं. ते टोपी हातात धरून ऐकत होते, शाळेतल्या मुलासारखे. "मला वाटलं तुम्ही खूश व्हाल," ते म्हणाले. त्या रात्री मी वहीत काही लिहिलं नाही. मदत मागताना आपण नक्की काय मागतोय हे माणसाला कळायला हवं, आणि मला ते कळलं नव्हतं.

तरी फरक पडत होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पंप फक्त दोनदा लागला. मी सासूबाईंना फोनवर तसं सांगितलंसुद्धा.

मग कार्निवल आला. मंगळवारी नेहमीप्रमाणे सगळ्या ड्रायव्हरांनी गाड्यांची चाय्या केली. गाडी धुवून, फुलांच्या माळा घालून, सीट वर उचलून इंजिनावर बीअर ओतली, फुलांच्या पाकळ्या आणि रंगीत कागदाच्या टिकल्या मुठी मुठी भरून उधळल्या, धरणीमायला घोट दिला आणि उरलेला स्वतः घेतला. माएस्त्रो सेनोननी दोन बाटल्या ओतल्या. "'मुलगी'ला तहान लागलीय," ते म्हणत होते. बेलेनच्या केसांत चार दिवस टिकल्या निघत होत्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला सलग तीन सकाळी दम लागला.

डॉक्टर म्हणाले, कार्निवलमध्ये पाण्याने खेळली असेल, सर्दी असेल. मी जुन्या चिठ्ठ्यांचा डबा काढला. गेल्या वर्षीची तातडीची भेट, कार्निवलनंतर आठ दिवसांनी. त्याच्या आदल्या वर्षी, अकरा दिवसांनी. चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मी बराच वेळ बसून होते. कार्निवल दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, आणि हिचा आजार त्याच्या मागून येतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला उशिरा गेले. पांढरे रुमाल ओले केले आणि थांब्यावर गाडी सुरू झाली की धुराच्या नळीच्या मागे एकेक मिनिटभर धरला. रेम्बेर्तोचा, काळा. माएस्त्रो सेनोनचा, काळा. आणखी दोन, काळे. ओळीत एकच ड्रायव्हर प्रार्थनागृहवाल्या कडव्या ख्रिस्ती पंथातला आहे, बीअर पीत नाही, चाय्या करत नाही. त्याची गाडी सगळ्यांत जुनी. त्याचा रुमाल फक्त करडा निघाला.

मी माएस्त्रोंना सगळं सांगितलं. इतक्या उंचीवर हवा आधीच विरळ, कार्बोरेटरच्या गाडीला नेहमीच कमी पडते. त्यात हवा आत घेण्याच्या नळीतून कागद आणि पाकळ्या ओढल्या जात असतील, वर बीअरचा चिकटा. इंजिन गुदमरतं आणि काळा धूर टाकतं. "एअर फिल्टर उघडून झटकायचा, बस. चार क्लिपा आहेत."

माएस्त्रोंचा चेहरा ताठला.

"ते काढायचं नसतं, प्रोफे."

"फक्त फिल्टरमधलं."

"काहीच काढायचं नसतं. आपोआप पडतं तेव्हा पडतं. तो आशीर्वाद आहे." त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "बायको गेली त्या वर्षी मी चाय्या केली नाही. मन नव्हतं. एप्रिलमध्ये बाजाराच्या वळणावर ब्रेक गेला आणि गाडी भिंतीवर. एका बाईचा हात मोडला. तिची मुलं मागच्या सीटवर होती. तुम्ही काय वाट्टेल ते सांगा, इंजिन बंद करीन, टायर भरीन. हे नाही."

 त्याच वळणाची भीती माझ्याही मनात होती.

दिवस जात होते. वहीत खुणा वाढत होत्या. सासूबाई विचारत होत्या, शाळेचा दाखला इथे कसा काढायचा. मला झोप लागेना. आणि मग एका सकाळी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. माएस्त्रो टपरीवर आपी प्यायला गेले होते, गाडी रिकामी होती. मी बेलेनला खाली उभं केलं, पुढची सीट वर उचलली आणि फिल्टरच्या डब्याची पहिली क्लिप उघडली.

"काय चाललंय गं प्रोफे?"

टपरीवाली डोन्या तेओफिला हातात तळलेल्या बुन्युएलोंची परात घेऊन दारात उभी होती. सत्तरीची बाई, आवाज असा की खालच्या वस्तीत ऐकू जावा.  मी क्लिप बोटात धरून रडायला लागले.

"सेनोन!" ती ओरडली. "इकडे ये! प्रोफे तुझ्या 'मुलगी'चं पोट फाडतेय!"

सगळे ड्रायव्हर जमले. माएस्त्रो सेनोन पेला हातात घेऊनच आले. उचललेली सीट पाहिली, मला पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"तू सांगितलंस, तिनं ऐकलं नाही, आता मी सांगते ते तू ऐक," डोन्या तेओफिला म्हणाली. "मी तुला रोज आपी देते. पिऊन झालं की पेला परत देतोस की गिळतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? धरणीमायने तिची बीअर कार्निवललाच पिऊन टाकली. आता त्या इंजिनात जे उरलंय ते तिचं उष्टं आहे. ते तिला परत द्यायचं की 'मुलगी'च्या नाकात कोंबून ठेवायचं? माझा नवरा ट्रक चालवायचा. त्याची आई आठवड्याने सगळं निर्माल्य गोळा करून जमिनीत घालायची, वर पुन्हा थोडी पाजायची. तुम्ही शहरात आलात आणि आळशी झालात. म्हणे, आपोआप पडतं!"

रेम्बेर्तो हसला. "आजी, तुमच्या नवऱ्याच्या ट्रकला ब्रेक होते का?"

"होते. अक्कलही होती. तुझ्याकडे दोन्ही नाही."

माएस्त्रो सेनोननी इंजिनात वाकून पाहिलं. मग त्यांनी पेला तिच्या परातीत ठेवला, टोपी काढली आणि उरलेल्या तीन क्लिपा उघडल्या.

आत कागद होता. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्या, कार्नेशनच्या सुकलेल्या पाकळ्या, सगळं बीअर आणि धुळीने चिकटून एकच खपली झालेलं. या वर्षीचं वर, खाली काळं पडलेलं आणखी जुनं. त्यांनी एकेक सोलून टोपीत घेतलं, काही सांडू न देता. थांब्याच्या कडेला निलगिरीचं झाड आहे. त्याच्या मुळाशी जॅकच्या दांड्याने खड्डा खणला, टोपी रिकामी केली, डोन्या तेओफिलाने कुठूनशी अर्धी बाटली आणली होती ती ओतली. ते काहीतरी पुटपुटले, आयमारा भाषेत, मला नीट कळलं नाही. मग फिल्टर दगडावर आपटला. इतकी धूळ निघाली की मी बेलेनला ओढून लांब नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फिल्टर घातला. रुमाल करडा निघाला.

पण चौथ्या दिवशी बाजाराच्याच वळणावर एका भाजीच्या ट्रकने त्यांचा डावा आरसा उडवला. गाडीत आम्ही दोघी होतो. काच माएस्त्रोंच्या बाहीवर पडली, कुणाला काही झालं नाही. शाळा सुटून आम्ही वर परत पोचेपर्यंत बातमी पोचली होती.

"बघा," रेम्बेर्तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. 

माएस्त्रोंनी गाडी ओळीत लावली. पुढचे दोन दिवस त्यांनी थांब्यावर इंजिन चालू ठेवलं. पुठ्ठा मागच्याला देऊन टाकला. मला "नमस्कार, प्रोफे" एवढंच. मी खिडकी बंद करून, बेलेनच्या नाकावर मफलर धरून बसायचे आणि मनातल्या मनात आठवडे मोजायचे. तीन उरले होते. मी त्यांना काही म्हणू शकत नव्हते. पुढच्या वळणावर आरशाऐवजी दुसरं काही गेलं असतं तर?

तिसऱ्या सकाळी गाडीत आम्ही तिघंच होतो. माएस्त्रो अचानक बेलेनकडे झुकले, जसं तिच्या खिशातलं काही बघतायत. मग सरळ झाले. पुन्हा झुकले. मग हात पुढे करून इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "जरा बोलू नका."

आम्ही गप्प बसलो. मला वाटलं गाडीत काही बिघाड ऐकतायत.

"नाही येत ऐकू," ते म्हणाले.

"काय?"

"शिट्टी." त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "पोरी, जोरात श्वास घे बघू."

बेलेनने गाल फुगवून श्वास घेतला आणि त्यांच्या तोंडावर सोडला. तेही हसले नाहीत, मीही नाही. आम्ही दोघं ऐकत होतो.

"वडील माझे..." ते म्हणाले आणि थांबले. मग दार उघडून बाहेर ओरडले, "रेम्बेर्तो! पुठ्ठा इकडे दे. पहिला नंबर माझा आहे."

"आणि आरसा?" रेम्बेर्तो म्हणाला.

"आरसा गेला. हात कुणाचा मोडला नाही. आरसा बाजारात मिळतो."

त्याच आठवड्यात रेम्बेर्तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "प्रोफे, तो रुमाल आहे का अजून? नाही, सहज." पवित्र आठवडा लागेपर्यंत निलगिरीखाली सात खड्डे झाले होते. डोन्या तेओफिला प्रत्येकाला अर्धी बाटली विकत होती आणि म्हणत होती की धरणीमायचं यंदा चांगलं चाललंय.

पवित्र बुधवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. माएस्त्रोंनी आम्हाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, जे त्यांच्या मार्गावर नाही. डॉक्टरांनी नळी लावली. वही पाहिली, पानं उलटली, कार्निवलनंतरची दाट पानं आणि त्यानंतरची विरळ. "बरं आहे," ते म्हणाले. "बरी झाली असं मी म्हणत नाही. पण आत्ता पाठवू नका. जूनची थंडी कशी जाते ते बघू. तेव्हा या."

परत चढताना गाडी भरलेली होती. मी सासूबाईंना फोन लावला. त्यांनी खिडकीशी खाट टाकून ठेवली होती, नवी मच्छरदाणीसुद्धा आणली होती. मी म्हटलं, आत्ता नाही पाठवत.  मग त्या म्हणाल्या, "मग खाट काढू?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या."

माएस्त्रो सेनोननी ऐकलं होतं. चढावर त्यांनी गिअर बदलला, गाडीला हळूच "चल गं" म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले, "काढायला सांगा, प्रोफे. जूनला अजून सहा आठवडे आहेत. मी प्लग बदलतोय, रेम्बेर्तोचेही बदलायला लावतो. सांगा त्यांना, खाट काढा म्हणून."

मी फोन कानाशी धरून बसले. बेलेन माझ्या मांडीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं. मी सांगितलं नाही.